वरीलप्रमाणे

जेवणाचं टेबल नक्की कोणाचं, यावरून त्या घरात रोज दुपारी एक वाजता वाद होत असे. रकानेभाऊंचं म्हणणं, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा ते ऑफिस आहे. त्यांच्या सासूबाईंचं म्हणणं, ज्याच्यावर ताटं मांडतात ते जेवणाचं टेबल. बायको शाळेत शिकवायला जात असल्यामुळे हा खटला दोघांतच चाले आणि निकाल रोज सासूबाईंच्या बाजूने लागे. भाऊ संगणक उचलून मांडीवर घेत, एक घास खात आणि एक फाइल उघडत.

रकानेभाऊंचं खरं आडनाव रकाने नव्हतं. कंपनीतल्या चौसष्ट माणसांचे पगार, रजा आणि फॉर्म ते सांभाळत. "रकाना रिकामा सोडू नका" हा उपदेश त्यांनी वीस वर्षांत इतक्या वेळा केला होता, की लोकांनी त्याचंच आडनाव करून टाकलं. भाऊंनाही ते आवडलं होतं. माणसाला काहीतरी ओळख हवी.

कंपनी घरगुती यंत्रांच्या तक्रारी फोनवर ऐकून घेत असे. पूर्वी तिचं भाऊंच्याच शहरात दोन मजल्यांचं ऑफिस होतं. मग साथ आली, सगळ्यांना घरून काम करायला सांगितलं गेलं, आणि साथ गेली तरी माणसं घरीच राहिली. कंपनीच्या साहेबांनी दोन्ही मजले सोडून दिले आणि शेजारच्या राज्यात एक खोली घेतली. तिकडे कर कमी होता आणि कामगार कायदे, साहेबांच्या भाषेत, समजूतदार होते. त्या खोलीला मुख्य कार्यालय म्हणायचं ठरलं.

अडचण एकच होती. माणसं पाच राज्यांत विखुरलेली. जिथे जिथे आपला माणूस काम करतो तिथे तिथे कंपनीने नोंदणी करायची, तिथला विमा भरायचा, तिथल्या रजा द्यायच्या, असा नियम. साहेब वैतागले होते. "पाच राज्यांचे पाच कायदे कोण सांभाळत बसणार? रकानेभाऊ, काहीतरी शब्द शोधा."

भाऊंनी शब्द शोधला. नेमणुकीच्या फॉर्मवर पहिला रकाना होता 'कंपनीचा पत्ता'. त्याखालचा रकाना, 'कामाचं ठिकाण'. या दुसऱ्या रकान्यात भाऊंनी चौसष्ट वेळा एकच शब्द लिहिला: वरीलप्रमाणे.

खोटं काही लिहिलं नाही. नुसतं वर बोट दाखवलं. साहेबांनी त्यांची पाठ थोपटली. पाठ थोपटायला खर्च येत नाही.

अशी तीन वर्षं सुखात गेली. मग एका मंगळवारी ऐन जेवणाच्या वेळी फोन वाजला. भाऊंचे हात खरकटे होते म्हणून त्यांनी कोपराने स्पीकर सुरू केला.

"दादा, मी बोलतेय. तक्रारींवरची."

ही ताई दोन राज्यं पलीकडे राहायची. दिवसभर लोकांची बोलणी खायची आणि प्रत्येकाला शेवटी "आपला दिवस शुभ जावो" म्हणायची.

"हां ताई, बोला. रजेचा अर्ज मिळाला. पण कारणाचा रकाना रिकामा सोडलाय तुम्ही."

"डाव्या हाताने टाइप केलंय दादा. उजवं मनगट मोडलंय."

"अरेरे! कसं काय?"

"नेट गेलं. तुम्हाला माहितीये, दीड मिनिटाच्या आत परत आलं नाही की गैरहजेरी लागते. नेटची डबी वर भिंतीला आहे. कंपनीने पाठवलेल्या खुर्चीवर चढले बटण दाबायला. खुर्चीला चाकं. ती एकीकडे, मी दुसरीकडे. इतका आवाज झाला की खालच्या मजल्यावरचे धावत आले, काय पडलं म्हणून."

"जपायला हवं होतं ताई."

"हो ना. दीड मिनिटात जपायचं राहून गेलं." ताई आवाज सांभाळून बोलत होती. ती सवय नोकरीने लावली होती. "दादा, डॉक्टर म्हणतात पंधरा दिवसांत ऑपरेशन झालं नाही तर हाड वाकडं जुळेल. इथल्या कामगार कचेरीत भावाला पाठवलं. ते म्हणाले, अशी कंपनी आमच्याकडे नोंदलेलीच नाही. तिकडच्या विम्यावाल्यांना फोन केला, तर ते म्हणाले, अपघात आमच्या हद्दीत झालेलाच नाही. इथे नाही, तिथे नाही. मग मी पडले कुठे, दादा?"

भाऊंनी घास गिळला. "फॉर्मप्रमाणे तुमचं कामाचं ठिकाण म्हणजे मुख्य कार्यालय."

"ते मी पाहिलेलंसुद्धा नाही हो. मी कुठे बसून काम करत होते एवढं एक पत्र द्या. इथली कचेरी तेवढ्यावर अर्ज घ्यायला तयार आहे."

"बघतो," असं म्हणून भाऊंनी कोपरानेच फोन बंद केला. 'बघतो' या शब्दाला कुठल्याच राज्याचा कायदा लागत नाही.

सासूबाई समोरच बसल्या होत्या. एकतीस वर्षं त्यांनी कामगार कचेरीत तपासनीस म्हणून काढली होती. गिरण्या, भट्ट्या, छापखाने पालथे घातले होते. निवृत्तीनंतर तपासायला जावई तेवढा उरला होता.

"जावईबापू, एक विचारू?"

"विचारा. नको म्हटलं म्हणून थांबणार आहात थोड्याच!"

"तुम्ही कामाला कुठे असता?"

"मुख्य कार्यालयात."

"अस्सं. मग रोज केर काढताना मी पाय वर घ्यायला सांगते ते कोणाला?"

भाऊंनी पाण्याचा पेला तोंडाला लावला. तो रिकामा होता, तरी लावून ठेवला.

"अहो, कायदा कंपनीच्या पाटीला लागत नाही, माणसाला लागतो. जिथे त्याचे हात चालतात तिथला. रजा तिथली, विमा तिथला, कामावरून काढायची नोटीस तिथली. तुम्ही त्या बाईला दोन राज्यांच्या मधल्या फटीत टाकलंत आणि वर विचारताय, जपली का नाहीस म्हणून."

"आई, तुमच्या वेळची गोष्ट वेगळी होती. भोंगा व्हायचा, फाटक उघडायचं. आता काम हवेत असतं."

"काम असेल हवेत. मनगट नसतं."

"आणि यात सगळ्यांचाच फायदा आहे," भाऊ जरा चढ्या आवाजात म्हणाले. "तिकडे कर कमी पडतो. तीन वर्षांत एकाने तरी तक्रार केली का? उलट दुवा देतात मला."

"वा! म्हणजे कर तिकडे भरायचा आणि कोपऱ्यावरचा खड्डा बुजवा म्हणून अर्ज इकडे करायचा. परवाच केलात ना? भाषा काय करारी होती तुमची! 'एक जागरूक करदाता'."

भाऊंना ठसका लागला.

"उद्या इथलं कर खातं जागं झालं की तीन वर्षांचा जाब विचारेल. तेव्हा तिकडून परत मागत बसा. दोन राज्यांचं आपसात जमत असेल तर सुटाल, नसेल तर दोन्ही दारांत उभे राहाल. पण ते मरू दे. मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या मोठ्या साहेबांना विचारलं होतं, माणूस नक्की कुठे काम करतो हे ठरवायचं कसं? ते म्हणाले, बाई, तो पडला की आवाज जिथे होतो, तिथे."

"साहेबांना विचारावं लागेल," भाऊ पुटपुटले.

"विचारा, विचारा. विचारल्याशिवाय शिंकूही नका."

विचारायची वेळच आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांचाच फोन आला. आवाजात साय होती.

"रकानेभाऊ, तुम्ही म्हणजे घरचे. त्या ताईंचं ऐकलं. फार वाईट वाटलं. एक दाखला तयार करायचाय. लिहून घ्या. 'सदर कर्मचारी मुख्य कार्यालयात नेमणुकीस असून अपघाताच्या दिवशी परवानगीशिवाय कामाच्या ठिकाणाबाहेर होत्या.' बस्स. एवढंच."

भाऊंनी लिहून घेतलं, मग वाचलं, मग पुन्हा वाचलं.

"साहेब, पण त्या तीन वर्षं बाहेरच आहेत."

"बरोबर! म्हणजे तीन वर्षं गैरहजर. तेही आपण पोटात घातलं ना? शेवटी कुटुंब आहोत आपण. उद्या जाऊन शिक्का मारून आणा, शिक्का तिकडे खोलीत आहे. आणि हो, प्रवासखर्चाचं बिल लावू नका. तुम्ही तुमच्या कामाच्या ठिकाणीच चाललाय."

दुसऱ्या दिवशी भाऊ चार तासांचा बसचा प्रवास करून आपल्या कामाच्या ठिकाणी पहिल्यांदाच निघाले. पिशवीत दोन पोळ्या, दाखला आणि सवयीने घेतलेली चौसष्ट जणांची यादी होती. निघताना सासूबाईंनी फक्त इतकंच विचारलं, "सही तुमचीच ना?" भाऊ 'हो' म्हणाले. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांचं बोलणं परवडतं, न बोलणं परवडत नाही, हे भाऊंना बसमध्ये बसल्यावर जाणवायला लागलं.

मुख्य कार्यालय एका इस्त्रीवाल्याच्या दुकानावर होतं. किल्ली त्याच्याचकडे असे. त्याने ती खिळ्यावरून काढून दिली आणि भाऊंना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"तुम्ही त्या कंपनीचे? बरं झालं भेटलात. पाटीवर वाचतो रोज, आणि साहेब म्हणाले होते चौसष्ट माणसं आहेत म्हणून. फार शांत माणसं हो तुमची! तीन वर्षांत वरून साधा खोकल्याचा आवाज नाही."

खोली बारा फूट बाय दहा फूट होती. एक टेबल, एक खुर्ची, एक कपाट. कपाटात शिक्का. भाऊंनी मनातल्या मनात चौसष्ट माणसं बसवून पाहिली. एकमेकांच्या मांडीवर बसवली तरी वीस-बावीस दाराबाहेर राहत होती. दाराच्या फटीतून आत सरकवलेल्या पत्रांचा ढीग पडला होता. त्यातल्या सर्वांत वरच्या पाकिटावर तिथल्याच कामगार कचेरीची मोहोर होती. भाऊंनी ते फोडलं.

"प्रत्यक्ष पाहणीत खालील कर्मचारी सदर ठिकाणी आढळून आले नाहीत. सबब या राज्यातील कोणत्याही लाभास ते पात्र नाहीत." खाली नावं होती. तक्रारींवरची ताई एकेचाळिसावी. सतरावं नाव भाऊंचं स्वतःचं.

आढळून आले नाहीत! भाऊंनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. या राज्यात ते आढळले नव्हते. त्यांच्या स्वतःच्या राज्यात गेल्या तीन वर्षांत त्यांनी स्वतःला नोंदवलंच नव्हतं. वीस वर्षं नोकरी केलेला, डोक्यावरचे केस त्या नोकरीत घालवलेला माणूस कागदावर कुठेच नव्हता. त्यांनी ताईला ज्या फटीत टाकलं होतं, तिच्या तळाशी ते स्वतः केव्हाचे पडलेले होते. फक्त अजून लागलं नव्हतं, म्हणून कळलं नव्हतं.

ते ताडकन उठले. खुर्ची मागे कलंडली आणि फरशीवर धाडकन आपटली.

जिन्यावर पावलं वाजली. इस्त्रीवाला धापा टाकत दारात उभा. "काय पडलं हो? कोण पडलं? लागलं का?"

भाऊंनी खुर्ची उचलून उभी केली.

"काही नाही. खुर्ची पडली."

"घाबरलो ना राव! या खोलीतून आवाज म्हणजे..." इस्त्रीवाला कपाळ पुसत म्हणाला आणि खाली गेला.

तीन वर्षांत या खोलीत झालेला हा पहिला आवाज. आणि एक परका माणूस हातातली इस्त्री टाकून धावत आला होता. ताईचा आवाज खालच्या मजल्यावर ऐकू गेला होता. तो ऐकू गेला नव्हता फक्त एका माणसाला, कारण त्याने दुसऱ्या रकान्यात वर बोट दाखवून ठेवलं होतं!

भाऊंनी साहेबांचा दाखला घडी करून पत्रांच्या ढिगात खाली सरकवला. कपाटातून कंपनीचं कोरं पत्र काढलं आणि लिहिलं, की सदर कर्मचारी गेली तीन वर्षं स्वतःच्या राहत्या घरी, तिसऱ्या मजल्यावर, स्वयंपाकघरालगतच्या खोलीत, कंपनीच्या खुर्चीवर बसून कंपनीचं काम करत होत्या व काम करतानाच पडल्या. मग शिक्का उचलला.

धप्!

एवढ्यावर थांबले असते तर साहेबांनी कदाचित माफही केलं असतं. पण हात चालू लागला होता. भाऊंनी यादी काढली आणि चौसष्ट जणांपुढे कामाचं खरं ठिकाण लिहिलं; घरोघरी खुर्च्या त्यांनीच तर पाठवल्या होत्या. कोणाची गच्ची, कोणाचा व्हरांडा, कोणाची जिन्याखालची जागा. सतराव्या ओळीत त्यांनी आपल्या घराचा पत्ता घातला आणि पुढे लिहिलं, 'जेवणाचं टेबल'. ताईचं पत्र तिच्या पत्त्यावर आणि यादीच्या शिक्का मारलेल्या पाच प्रती पाच राज्यांच्या पाच कचेऱ्यांना पोस्टात टाकल्या. इस्त्रीवाल्याला किल्ली परत दिली तेव्हा बाहेर अजून लख्ख ऊन होतं.

आता इथे टाळ्या पडायला हव्यात. पडल्या त्या शिव्या. पहिल्या शिव्या साहेबांच्या नव्हत्या, सहकाऱ्यांच्या होत्या. संगणकाची कामं बघणारा एक हुशार तरुण, कागदावर कमी कराच्या राज्यात आणि प्रत्यक्षात जास्त कराच्या राज्यात राहत होता. त्याने कंपनीच्या ग्रुपवर लिहिलं, "कोणी सांगितलं होतं शहाणपणा करायला? माझा कर वाढला, तो रकानेभाऊ भरणार का?" त्याखाली एकोणचाळीस अंगठे उमटले. ताईच्या मनगटाबद्दल विचारणारा संदेश एकच होता, आणि तोही चुकून या ग्रुपवर पडल्याचं सांगून काढून टाकण्यात आला.

साहेबांनी आरडाओरडा केला नाही. त्यांनी चार ओळींचं पत्र पाठवलं. "आपण गेली तीन वर्षे कामाच्या ठिकाणी सातत्याने गैरहजर असल्याचे निदर्शनास आल्यामुळे आपणांस सेवामुक्त करण्यात येत आहे." पत्राच्या मथळ्यावर मुख्य कार्यालयाचा पत्ता होता आणि 'कामाचं ठिकाण' या रकान्यात भाऊंचाच शब्द होता.

सासूबाईंनी पत्र वाचून चष्मा काढला. "बेरकी आहे तुमचा साहेब. पण सतरावी ओळ वाचलेली दिसत नाही त्याने. चपला घाला."

"कुठे जायचंय?"

"माझ्या जुन्या कचेरीत. तुम्ही इथले आहात हे तुम्ही स्वतःच्या हाताने, शिक्का मारून लिहिलंय. आता कायदा इथला."

कचेरीने तक्रार दाखल करून घेतली. कंपनीला नोटीस गेली. त्याच आठवड्यात इथल्या कर खात्याचंही पत्र आलं, भाऊंच्या नावाने, तीन वर्षांचा खुलासा मागणारं. सासूबाई म्हणाल्या होत्या तसंच झालं, इकडे खुलासा आणि तिकडे परताव्याचा अर्ज घेऊन भाऊ दोन्ही दारांत उभे राहिले. बायको एवढंच म्हणाली, "निदान दोन्हीकडे तुमचं नाव तरी बरोबर लिहिलंय." प्रकरण अजून चालू आहे. तारखा पडतात.

ताईचा अर्ज मंजूर झाला. तिच्या राज्याने कंपनीला दंड लावून नोंदणी करायला लावली आणि विम्याने उपचार दिले. पण तीन वर्षं चुकीच्या जागी ठेवलेला माणूस बरोबर जागी आणायला दोन कचेऱ्यांना वेळ लागला. ऑपरेशन पंधरा दिवसांत व्हायचं ते एकविसाव्या दिवशी झालं.

"कसं आहे आता?" भाऊंनी फोनवर विचारलं.

"नळ उघडता येतो दादा. घट्ट बंद करता येत नाही."

भाऊंची नजर स्वयंपाकघरातल्या नळाकडे गेली.

"तुम्ही पत्र दिलंत म्हणून एवढं तरी झालं," ती म्हणाली, आणि मग जुन्या सवयीने, "आपला दिवस शुभ जावो."

वर गेलेले ते सहा दिवस भाऊंच्या हिशेबात अजून मिटलेले नाहीत. ते त्यांच्याच एका शब्दाचे होते. तो शब्द तीन वर्षांपूर्वी लिहिला नसता, तर बाईचं मनगट आज सरळ असतं. शेवटी खरं लिहिलं म्हणून स्वतःची पाठ थोपटून घ्यायला ते एकदाही गेले नाहीत.

महिन्याभराने त्या हुशार तरुणाचा फोन आला. आवाज मऊ. "भाऊ, राग नाही ना? बायकोला दिवस गेलेत. बापाला रजा मिळते म्हणे आमच्या राज्यात. ती यादी तुम्ही पाठवली होती ना, त्यात मी आहे ना नक्की?"

"आहात. बावन्नावी ओळ," भाऊ म्हणाले. "जिन्याखालची जागा."

कर भरताना 'तिकडचं राज्य', आणि गरज पडली की 'आमचं राज्य'! भाऊ त्याला हसू शकले नाहीत. 'जागरूक करदाता' अशी सही केलेल्या अर्जाची प्रत अजून त्यांच्या खणात होती.

मंडळी, ही गोष्ट तुम्ही बहुधा घरीच, बहुधा जेवणाच्या टेबलावर, कामाच्या वेळात वाचत असाल. वाचून झाली की एक करा. नेमणुकीचा कागद काढा आणि दुसरा रकाना बघा. तिथे तुमच्या घराचा पत्ता नसेल, तर तुम्ही ज्या खुर्चीवर बसला आहात ती खुर्ची रिकामी आहे, असं कुठेतरी लिहिलेलं आहे. तुमचा थोडा कर वाचत असेल. मालकाचा बराच त्रास वाचत असेल. पण आपण राहतो त्या जागी कर भरत नाही आणि काम करतो त्या जागी नोंद करत नाही, तेव्हा आपण कायद्याला फसवत नसतो. आपण पडलो तर धावत यायची वाट बंद करत असतो. ती वाट मालक बंद करतो हे खरंच आहे. पण कडी आपण घालतो, आणि ज्याच्या हातात फॉर्म असतो, तो तर दोन्ही बाजूंनी घालतो.

रकानेभाऊंना हल्ली एक लहानसं काम मिळालंय, घरूनच. नव्या कंपनीचा फॉर्म संगणकावर भरायचा होता. 'कामाचं ठिकाण मुख्य कार्यालयाप्रमाणेच' असं लिहिलेल्या चौकोनात कोणीतरी आधीच खूण करून ठेवली होती. म्हणजे शब्द शोधणारा माणूस तिकडेही आहे. भाऊंनी ती खूण काढली आणि स्वतःचा पत्ता टाइप करायला घेतला.

"एक वाजला," सासूबाई ताटं घेऊन आल्या. "ऑफिस उचला."

"एक मिनिट, आई. मी कुठे आहे ते लिहितोय."

सासूबाई ताटं हातात धरून उभ्या राहिल्या. त्या घरात पहिल्यांदाच जेवण एक मिनिट थांबलं.